गाय अडली, गाडीही अडली

रात्री साडेदहानंतर फोन वाजला की समजायचं, कुठंतरी गाय अडलीय. दिवसभर घरचेच हात घालून बघतात, मग शेजारचा जाणकार येऊन बघतो, आणि सगळे दमले की डॉक्टरची आठवण होते. उंब्रज ते तारळे या पट्ट्यात मी पंधरा वर्षं जनावरांची डॉक्टरकी करतोय. खाली कृष्णाकाठची काळीभोर माती आणि ऊस, वर पाटणच्या अंगाला डोंगर, जांभा आणि धो धो पाऊस. एका दिवसात दोन्हीकडं जावं लागतं.

२०२२ ला लम्पीची साथ आली तेव्हा माझ्याकडं साधी हॅचबॅक होती. त्या दोन-तीन महिन्यांत तिचं चेंबर, म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं, दोनदा फुटलं. दुसऱ्या वेळी ऑइलचा ओघळ पाणंदीत सोडून गाडी तिथंच उभी केली आणि लसीचा डबा खांद्याला लावून चालत गेलो. तेव्हाच ठरवलं, आता फोर बाय फोर घ्यायची, चारही चाकांना जोर असलेली. जून २०२३ मध्ये मारुतीची जिम्नी बाजारात आली आणि त्या दिवाळीत मी मॅन्युअल गिअरची घेतली. मोठी गाडी नको होती, कारण आमच्या पाणंदी बैलगाडीच्या मापाच्या आहेत. जिम्नी अरुंद, जेमतेम बाराशे किलोची, पण खाली सरळ शिडीसारखी चासी, पुढं-मागं अखंड आस (ॲक्सल) आणि गिअरच्या शेजारी लो रेंजची, म्हणजे हळू पण जास्त जोरानं चालवायची, वेगळी दांडी. ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर. मला वाटलं, आता काय, कुठंही जाईल.

पहिला पावसाळा यायच्या आत मी तिला काय काय लावलं ते सांगायची लाज वाटते. छतावर एलईडीची लांब पट्टी, पुढच्या काचेवर स्टिकर आणि आत निळा दिवा. निळा दिवा बायकोनं दुसऱ्याच दिवशी काढायला लावला. "ट्रॅव्हल्स वाटतीय," म्हणाली.

जुलै २०२४, बेंदूर, आमचा बैलांचा सण, नुकताच झालेला. फोन आला तो खालच्या एका मळ्यातून, पाणंदीनं पाऊण किलोमीटर आत. वासराचं डोकं मागं वळलेलं. मी फोर-एच टाकला, म्हणजे चारही चाकांना जोर दिला, आणि घुसलो. गोठ्याचा बल्ब दिसायला लागला आणि गाडी थांबली. चाकं फिरतायत, गाडी जागची हलत नाही. खाली उतरून टॉर्च मारला तर टायरची नक्षीच दिसेना. काळी माती फटीफटीत बसून चाकं नुसती गुळाच्या ढेपेसारखी झालेली. मातीला माती घासत होती, रबराचा काही संबंधच नव्हता.

गाय सुटली ती पहाटे दीडला. कालवड जिवंत निघाली. गाडीचं सकाळी बघू म्हटलं तर मळ्याचे तात्या ऐकेनात. ट्रॅक्टर आणला, साखळी आणली, आणि चिखलात आडवं होऊन पुढं हाताला जे पहिलं लोखंड लागलं त्याला ती अडकवली. "बसा डाक्टर, सरळ धरा फकस्त." एक हिसका, दुसरा हिसका, गाडी बाहेर. डांबरीवर आल्यावर कळलं, स्टिअरिंग सरळ धरलं की गाडी उजवीकडच्या चारीत जातीय. तात्यांनी साखळी अडकवली होती स्टिअरिंगच्या आडव्या दांड्याला. दांडा वाकला होता. गाडीला ओढायचे हूक कंपनीनंच दिलेले आहेत, पण ते काळे, अंधार काळा, चिखल काळा. तात्यांना दोष तरी काय द्यायचा?

तर माझी पहिली खरी सुधारणा म्हणजे रंग. खोंडांच्या शिंगांना ऑइल पेंट लावू नका म्हणून मी दर बेंदराला सांगत फिरतो, कोणी ऐकत नाही. या वेळी तात्यांकडचा उरलेला लाल डबा मागून आणला आणि पुढचे-मागचे हूक लालभडक रंगवले. फुकटात. आता रात्री टॉर्च मारला की दोरी कुठं लावायची ते सहावीतलं पोरगंही सांगतं.

दुसरी गोष्ट दोरीची. आपल्याकडं अडकलेली गाडी म्हणजे ट्रॅक्टर आणि साखळी, हे ठरलेलं. साखळीला ताण खायची सवय नसते. ती एकतर ओढते, नाहीतर तुटते, आणि तुटली की तिचं टोक कुणाच्या डोक्यात जाईल याचा नेम नाही. मी दोन जाड डी-शॅकल, म्हणजे दोर हूकला अडकवायचे लोखंडी आकडे, आणले, प्रत्येकावर सव्वातीन टनांचा शिक्का कोरलेला. शिक्का नसलेले हार्डवेअरच्या दुकानात शंभरात मिळतात, ते घेतले नाहीत. एक साधा रुंद पट्टा घेतला आणि एक कायनेटिक दोर. हा दोर ताणला की लांबतो आणि मग रबरासारखा गाडीला हळूच उचलून आणतो. दोन गाड्या असतील तर तो, ट्रॅक्टर असेल तर साधा पट्टा. पट्टा ताठ होईपर्यंत ट्रॅक्टर रांगत पुढं न्यायचा आणि मग पहिल्या गिअरला नुसता दाब देत राहायचा. वासरू ओढताना आम्ही हेच करतो. गाय कळ देते तेव्हा ओढायचं, ती थांबली की थांबायचं. झटका दिला तर वासराचा पाय जातो आणि गाईचं अंगही फाटतं. हे तात्यांना सांगितलं तर त्यांना एका वाक्यात पटलं. गाडीच्या भाषेत सांगत होतो तेव्हा पटत नव्हतं.

पट्ट्यावर मध्यभागी ओलं गोणपाट टाकायचं, म्हणजे तुटलाच तर उसळी तिथंच बसते. आणि बघ्यांना दोराच्या दुप्पट लांबीवर उभं करायचं. यातलं दुसरं काम सगळ्यात अवघड.

मग हवा. टायरमधली हवा कमी करावी हे सगळेच सांगतात, पण कुठं ते फारसं कुणी सांगत नाही. वर चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रस्त्याला लागलं की जांभ्याचा ओबडधोबड कातळ लागतो, पावसात त्याच्यावर शेवाळ. तिथं कंपनीनं दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेल्या हवेनं गेलं की गाडी दगडादगडावर टुणटुण उडायची आणि पाठीमागं औषधाच्या बाटल्या एकमेकींवर आपटायच्या. १८ पीएसआयवर आणली आणि फरक लगेच अंगाला जाणवला. टायर दगडावर बसतो, त्याला कवेत घेतो. घसरणं निम्म्यावर आलं. पण काळ्या मातीत हवा काढून मला तेवढा फायदा दिसला नाही. तिथं चाकाला माती झटकावी लागते आणि त्यासाठी नक्षी मोकळी हवी, थोडा वेग हवा. वाळूवरचा सल्ला काळ्या रेगाडीला लागू पडत नाही. आणि १५ च्या खाली मी कधी जात नाही. वळणावर टायर रिमवरून निसटला तर पुन्हा बसवायला तिथं कोण आहे?

काढलेली हवा परत भरायला कॉम्प्रेसर लागतो. पहिला घेतला तो सिगरेट सॉकेटला लावायचा. दुसऱ्याच टायरला फ्यूज उडाला आणि मोबाइलचं चार्जिंगही बंद. त्याच्या जागी बॅटरीला चिमट्यानं थेट लावायचा आणला. चार टायर भरायला दहा-बारा मिनिटं, इंजिन चालू ठेवून. याचा एक उपद्रव मात्र झाला. वरच्या वाडीत ही बातमी पसरली. आता मी गाय बघायला गेलो की गोठ्यापाशी आधीच दोन सायकली, एक हातगाडा आणि उसाच्या बैलगाडीचं एक चाक येऊन उभं असतं. बैलगाडीच्या चाकानं कॉम्प्रेसर इतका तापवला की मी तो बंद करून त्यांना जनावरांना मोलॅसिस (उसाची मळी) देण्याच्या फायद्यावर भाषण दिलं, तो थंड होईस्तोवर.

टायर बदलायला मी वर्षभर थांबलो आणि थांबलो ते बरं झालं. जिम्नीला कंपनीकडून १९५/८० आर १५ येतात. मी घेतले २१५/७५ आर १५, ऑल टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्चा दोन्हीला चालणारे. दुकानदार म्हणाला, गाडी मस्त उंच होईल. मी दुकानातच कागदावर हिशेब केला. १९५ चे ८० टक्के १५६, दोन्ही बाजू मिळून ३१२, अधिक रिमचे ३८१, म्हणजे व्यास ६९३ मिलिमीटर. नव्याचा तसाच केला तर ७०३.५. व्यास साडेदहा मिलिमीटरनं वाढला, म्हणजे आसाखालची उंची वाढली त्याच्या निम्मी, सव्वापाच मिलिमीटर. एका टम्म फुगलेल्या गोचिडाएवढी. उंचीसाठी पैसे घालायचे असतील तर घालू नका. मी घातले ते मोकळ्या नक्षीसाठी आणि जाड बाजूसाठी. यापेक्षा मोठे, २३५ चे टायर बसवलेल्या गाड्या पाहिल्या. पुरं वळवलं की कुठं ना कुठं घासतात, मग आणखी कापाकापी, आणखी खर्च. टायरवरचा वजनाचा आकडा मूळच्यापेक्षा कमी नाही ना, हे तेवढं बघून घ्या.

काळ्या मातीत फरक पडला का? पडला, पण जादू नाही. पूर्वी जिथं वीस पावलांत ढेप व्हायची तिथं आता शंभर पावलं जातो. डांबरीवर घूं असा आवाज वाढला आणि लिटरमागं किलोमीटरभर तरी कमी झालं.

चूक इथंही केली. पैसे वाचवायला चारच घेतले, स्टेपनी जुनीच ठेवली. तीन आठवड्यांत बाभळीचा काटा. डांबरीवर एक चाक किंचित लहान असलं तर चालून जातं, पण फोर-एचमध्ये पुढचा-मागचा आस एकमेकांना जखडलेले असतात, मध्ये दोघांच्या फिरण्यातला फरक सांभाळणारं डिफरन्शियल नाही. एका चाकाचं माप वेगळं असलं की सगळी ओढाताण गिअरबॉक्सपर्यंत जाते. याच कारणानं कोरड्या डांबरीवर फोर-एच लावून मिरवू नये. पाचवा टायर शेवटी घेतलाच, वर पंक्चरचं किटही. आता काटा निघाला की चाक न खोलता जागेवर दोरी घालतो.

इथं एक गोष्ट सांगतो जिला पैसे पडत नाहीत आणि जी मला दोन पावसाळे कळलीच नव्हती. एका अंगाचं पुढचं आणि दुसऱ्या अंगाचं मागचं चाक हवेत लटकलं की जिम्नीत ती फुकट फिरायला लागतात. मग गाडी आपणहून त्या चाकांना ब्रेक लावते आणि जोर जमिनीवरच्या चाकांकडं पाठवते. पण त्यासाठी चाक आधी जरा फिरावं लागतं. मी काय करायचो, चाक फिरलं की घाबरून ॲक्सिलरेटर सोडायचो. ब्रेकचं काम सुरू व्हायच्या आत मीच माघार घ्यायचो. एकदा तारळ्याच्या वरच्या अंगाला एका खोल चाकोरीत असाच तिरका अडकलो होतो. फोर-एल, म्हणजे लो रेंज, टाकला, पहिला गिअर, आणि पाय हलवायचा नाही असं ठरवून तसाच दाबून धरला. चाकं फिरली, खालून कर्र-कर्र, टक-टक असा आवाज आला, जणू कुणीतरी पत्रा खरवडतंय. एक सेकंद, दोन सेकंद. आणि गाडी शांतपणे वर चढली. तो आवाज ऐकून मी पूर्वी गाडी बंद करायचो, काहीतरी मोडलं म्हणून.

कातळावर पोट घासायला लागलं म्हणून खाली संरक्षक प्लेट लावून घेतली, ३ मिलिमीटर जाड पोलादी. चेंबर फुटल्याची आठवण होतीच. प्लेटचे बोल्ट चासीला मूळ भोकांतच लागले पाहिजेत आणि ऑइल बदलायला तिला खिडकी पाहिजे, नाहीतर सर्व्हिसिंगच्या वेळी दरवेळी अख्खी प्लेट उतरवायची मजुरी पडते. माझ्या पहिल्या प्लेटला खिडकी नव्हती. गॅरेजवाल्यानं नंतर कटरनं पाडून दिली.

पण या प्लेटचा खरा धोका मला उसात कळला. डिसेंबरात तोडणी चालू होती. सरीच्या कडेनं, पाचट पसरलेल्या वाटेनं गाडी आत घातली, म्हैस तपासली, निघालो. हायवेला लागलो तर जळकट वास. वाटलं कुणी फड पेटवलाय. पुढं वास गाडीबरोबरच यायला लागला. थांबून वाकलो तर प्लेट आणि इंजिनच्या मधल्या पोकळीत पाचटाचा हा एवढा गठ्ठा, सायलेन्सरच्या पाइपला टेकलेला, कडेनं तपकिरी झालेला, धूर निघायला लागलेला. हाताला चटका बसला तरी ओढून काढला आणि पाण्याची बाटली रिकामी केली. आणखी दहा किलोमीटर तसाच गेलो असतो तर काय, याचा विचार करत बसलो नाही. तेव्हापासून दारात वाकडी केलेली एक सळई ठेवलीय. उसातून, वाळल्या गवतातून बाहेर आलो की आधी खाली वाकायचं, सळईनं खरवडायचं, मगच डांबरीला लागायचं. ज्यांच्या भागात ऊस आहे त्यांनी प्लेट लावताना हे ध्यानात ठेवा. लावणारा सांगत नाही.

ओढ्याचंही थोडं. तासभर चालून आस तापलेला असतो. तसाच थंड पाण्यात घातला की आतली हवा आक्रसते आणि श्वास घ्यायच्या नळीवाटे पाणी आत ओढून घेते. आसातल्या डिफरन्शियलचं ऑइल मग दुधासारखं होतं. माझं झालं होतं, मेस्त्रीनं नट सोडला आणि चहा सांडावा तसं खाली आलं. उपाय किरकोळ: ती नळी लांबवून इंजिनच्या खोलीत उंचावर बांधायची. काही शे रुपयांचं काम. स्नॉर्केल, म्हणजे इंजिनला उंचावरून हवा देणारी नळी, लावा म्हणून मागं लागलेले पुष्कळ भेटले. मी चाकाच्या मध्यापेक्षा खोल पाण्यात गाडी घालतच नाही. आधी घोट्यापासून मांडीपर्यंत स्वतः उतरून बघतो. आपण जिथं उभं राहू शकत नाही तिथं गाडी काय राहणार?

बाकीचं उरकतो. छतावरची पट्टी काढली. धुक्यात ती पेटवली की समोर पांढरी भिंत उभी राहते, आणि डांबरीवर समोरच्याच्या डोळ्यात जाते. तिच्या जागी बंपरमध्ये पिवळे फॉग लावले, रिले आणि फ्यूज घालून. आत रबराच्या खोलगट मॅट, कारण गमबुटाला लागून जे काय आत येतं ते कापडी मॅटवर चालत नाही. डिकी जेमतेम २०८ लिटरची, म्हणून मागचं एक आसन कायमचं पाडून त्यावर प्लायवूडची पेटी बसवली. खाली दोर, फावडं, कॉम्प्रेसर, वर औषधं. पेटी पट्ट्यांनी घट्ट बांधलीय.

पुढं जाडजूड लोखंडी बंपर लावा, हा सल्ला मात्र वाडीवाडीत मिळतो. "रानडुक्कर आडवं आलं म्हंजे?" केंद्र सरकारनं डिसेंबर २०१७ मध्येच असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ विरुद्ध आहेत म्हणून राज्यांना कळवलंय. शिवाय एअरबॅगचं गणित पुढच्या भागाला धक्का कसा बसतो यावर असतं; मध्ये लोखंड आलं की ते गणित बिघडतं. सस्पेन्शन उंच करायचं किटही घेतलं नाही. त्यानं पत्रा वर जातो, आस आहे तिथंच राहतो, आणि माझं घासायचं ते बहुतेक आसच. जे बदललं ते विमा कंपनीला लिहून कळवलं. एजंट हसला, पण पोच दिली.

या उन्हाळ्यात तात्यांच्या पाणंदीवर मुरूम पडला. रोलर फिरला, कडेनं चारी काढली, दोन नळ्या टाकल्या. जूनमध्ये पुन्हा रात्रीचा फोन आला. मी हवा, दोर, गमबूट, सगळी तयारी करून गेलो. पाणंदीच्या तोंडाशी फोर-एच टाकायला थांबलो, तर मागून दुधाचा टेम्पो आला, हॉर्न वाजवून मला बाजूला घेतलं आणि टू-व्हीलमध्ये सरळ गोठ्यापर्यंत गेला.

तात्या दारात उभे होते. "डाक्टर, आता ही गाडी दिऊन टाका कुनाला तरी."

"वरच्या वाडीची पाणंद व्हायचीय अजून," म्हटलं आणि हातमोजे चढवले. वासराचे मागचे पाय आधी आलेले होते.